दुतोंड्याच्या कुठपर्यंत पाणी चालेल?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या नाशकात गोदावरीच्या पूररेषेचं भांडण हमखास सुरू होतं. गेल्या महिन्यात एका बारशाच्या जेवणावळीत ते परत ऐकलं, पंगत उठेपर्यंत चाललं होतं. एक बाजू म्हणते ही निळी रेषा लाल रेषा काय लावलीय, सगळं गावठाण अडकून पडलंय, बांधकाम करता येत नाही की विकता येत नाही, रद्द करून टाका. दुसरी बाजू म्हणते अजिबात नाही, उलट काठावरचं सगळंच उठवा, माणसाच्या जिवापेक्षा काही मोठं आहे का? दोन्हीकडची माणसं भली आहेत, तळमळीनं बोलतात, पण दोघांच्याही डोक्यात एकच चित्र आहे असं मला वाटतं. रेषेच्या या बाजूला धोका, त्या बाजूला सुरक्षित. पहिल्याला वाटतं रेषा पुसली की धोका गेला, दुसऱ्याला वाटतं रेषेबाहेर गेलो की धोका गेला. माझं म्हणणं असं आहे की धोका दोन्हीकडे आहे, कायम राहणार आहे, आणि खरं भांडण त्यातला किती आपल्याला चालेल यावर व्हायला पाहिजे. आकड्यात बोलून. आणि ज्याच्या डोक्यावर तो बसणार आहे त्याला समोर बसवून. हे सोडून बाकी सगळं आपण बोलतो.

आधी ती रेषा म्हणजे काय ते बघू, कारण बारशाला भांडणाऱ्या दहा जणांपैकी एकालाही ते नीट सांगता आलं नाही, आणि यात त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लालच्या मधे नियंत्रित क्षेत्र. आता "25 वर्षांतून एकदा" हे ऐकलं की माणूस काय हिशोब करतो? 2008 ला येऊन गेला ना, मग आता 2033 पर्यंत चिंता नाही. पण नदी काही पाळी लावून येत नाही. त्याचा अर्थ एवढाच की दरवर्षी 100 पैकी 4 शक्यता, यंदाही 4, आणि यंदा पूर आला तरी पुढच्या वर्षी परत 4. या हिशोबानं बरोब्बर निळ्या रेषेवरच्या घरात तुम्ही 30 वर्षं काढलीत, म्हणजे लग्न करून आलात आणि मुलांची लग्नं करून दिलीत एवढा काळ, तर त्या काळात एकदा तरी घरात पाणी येण्याची शक्यता 70 टक्के निघते. लाल रेषेवरच्या घरात 26 टक्के. लालच्या! जिला आपण "शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आपल्या हयातीत नाहीच" असं समजतो ती. दर चार घरांतल्या एकाला, गृहकर्ज फिटायच्या आत. हा गुणाकार दहावीच्या पोराला करता येतो पण फ्लॅटच्या जाहिरातीत तो दिसत नाही आणि पूररेषेला विरोध करणाऱ्या किंवा पाठिंबा देणाऱ्या भाषणातही तो मी कधी ऐकला नाही.

सराफ बाजाराच्या मागच्या बाजूला माझ्या मावशीचा वाडा आहे, म्हणजे ती तिथे भाडेकरू, पण लग्न होऊन आली तेव्हापासून तिथेच. जिन्याच्या भिंतीवर तिच्या सासऱ्यांनी ऑइल पेंटनं रेघा मारून ठेवल्यात, 1969 ची सगळ्यात वर, नंतर मावशीनं स्वतः 2008 ची आणि 2019 ची मारली. तळमजल्यावर आता कोणी राहत नाही, सामान वर चढवायचं, दोन रात्री भावजयीकडे काढायच्या, परत येऊन गाळ उपसायचा, हे तिचं ठरलेलं आहे. पुराची तिला भीती नाही असं नाही पण पूर तिला ओळखीचा आहे. तिला खरी भीती वाटते ती पश्चिमेच्या भिंतीची. ती भिंत मातीची, सागवानी खांब खालून कुजलेले, दोन टेकू लावलेत, आणि संततधार चार दिवस लागली की रात्री माती गळल्याचा आवाज येतो. वाडा पाडून नवीन बांधायचा तर पूररेषा आड येते. नियमात पुनर्बांधणीला अटींवर काही वाट ठेवलीय पण चिंचोळ्या गल्लीत, पाच वारस आणि सात भाडेकरू असलेल्या जागेत ती वाट कुठेच पोचत नाही. मग काय होतं? पुराचा धोका कमी करायचा म्हणून नवीन बांधकाम थांबवलं, आणि त्यामुळे माणसं अशा भिंतींखाली झोपतायत ज्या पूर नसतानाही पडतात. जुन्या नाशकात पावसाळ्यात वाडे पडतात, माणसं दगावतात, हे नाशिककरांना सांगायला नको. पण तो मृत्यू पुराच्या खात्यात येत नाही, रेषेच्या खात्यात तर येतच नाही, "जीर्ण वाडा कोसळला" एवढी बातमी होऊन संपतो. एक धोका दाबला की तो दुसरीकडून वर येतो, आणि आपण मोजतो फक्त दाबलेला.

आता समोरच्याचं सगळ्यात जड म्हणणं घेतो. "तुम्ही टक्केवारी सांगताय, पण मेलेला माणूस टक्का नसतो. एकही जीव जाणं मान्य नाही, यात आकडेमोड करणंच अमानुष आहे." हे मला पटतं, निम्मं पटतं. 2003 च्या सिंहस्थात 27 ऑगस्टला रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. त्या घरांपुढे जाऊन "लाखोंच्या गर्दीत 39 म्हणजे प्रमाण नगण्य" असं म्हणणारा माणूस मला माझ्या घरात नको. हेच भांडण फार जुनं आहे. 1760 मधे पॅरिसमधे डॅनिएल बर्नुली नावाच्या गणितज्ञानं देवीच्या रोगाचा हिशोब मांडला. त्या काळी देवी काढायची पद्धत म्हणजे रोग्याच्या फोडातला पू निरोगी माणसाला टोचायचा, त्यात 200 तला एक दगावायचा असं त्यानं धरलं, पण सगळ्यांना टोचलं तर सरासरी आयुष्य 26 वर्षं 7 महिन्यांवरून 29 वर्षं 9 महिन्यांवर जाईल असं गणितानं दाखवलं. तीन वर्षांचा फायदा, झालं, टोचा! यावर दालाँबेर उभा राहिला, तोही मोठा गणितज्ञ, टोचण्याच्या विरोधातला नव्हे. त्याचं म्हणणं, राज्याला सरासरी दिसते हो, पण आईला तिचं एकच लेकरू दिसतं, आणि पुढे कधीतरी मिळणारी तीन वर्षं आणि या पंधरवड्यात मरायची भीती या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. माझ्या मते दालाँबेर बरोबर होता. पण मग त्यातून काय निघतं? टोचू नका असं निघत नाही, कारण न टोचण्यातही मरण होतंच, आणि ते जास्त होतं. त्यातून एवढंच निघतं की हिशोब करा आणि तो त्या आईच्या पुढ्यात ठेवा. "एकही जीव जाता कामा नये" असं म्हणणारा माणूस हिशोबातून सुटत नाही. फक्त त्याचा हिशोब दिसत नाही एवढंच. देशात रस्त्यावर वर्षाला दीड लाखाहून जास्त माणसं मरतात आणि उद्या सकाळी आपण सगळे द्वारका चौकातून गाडी काढणारच आहोत, म्हणजे कुठलातरी आकडा आपण सगळ्यांनी मनातल्या मनात मान्य केलाय ना? मग तो मोठ्यानं म्हटला की अमानुष आणि मुकाट्यानं चालू ठेवला की माणुसकी, हे कसं?

दुसरं म्हणणं शिकलेल्या लोकांचं. सामान्य माणसाला शक्यता वगैरे कळत नाही, तो विमानाला घाबरतो आणि हेल्मेट न घालता मुंबई नाक्यावरून जातो, बिबट्या दिसला म्हणून गाव बंद ठेवतो आणि गावातल्याच डेंग्यूच्या डबक्याकडे बघत नाही, तेव्हा किती धोका चालेल हे तज्ज्ञांनीच ठरवावं. यातलं पहिलं अर्धं खरं आहे, मी स्वतःही त्यातलाच एक. पण दुसऱ्या अर्ध्याबद्दल माझा अनुभव आणि इतिहास दोन्ही वेगळं सांगतात. 1986 मधे चॅलेंजर यान उडाल्या उडाल्या फुटलं, सात जण गेले, त्याच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञानं एकाच संस्थेत दोन आकडे शोधून काढले. यान जाण्याची शक्यता किती असं विचारलं तर काम करणारे इंजिनियर म्हणायचे 100 मधे 1, वरचे व्यवस्थापक म्हणायचे 1 लाखात 1. हजारपट फरक, आणि उड्डाणाचा निर्णय कोणाच्या हातात होता ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडचं पानशेत घ्या. धरण पुरतं झालेलं नसताना 1961 च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवलं, भिंत खचायला लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, आणि 12 जुलैच्या सकाळी धरण फुटलं, मग खडकवासला फुटलं, मग पुण्याच्या पेठा. काम अर्धवट असताना पाणी अडवावं की थांबावं हा धोक्याचाच निर्णय होता आणि तो तज्ज्ञ माणसांनी घेतला होता. पण त्या हिशोबात नारायण पेठेत तळमजल्यावर राहणारा माणूस कुठे होता? त्या आठवड्यात त्याला कोणी विचारलं असतं की एवढा एवढा धोका आहे, तुझं काय म्हणणं, तर त्यानं निदान पोरंबाळं आणि दागिने घेऊन पर्वतीच्या बाजूला चार दिवस काढले असते. तज्ज्ञ सांगू शकतो धोका किती आहे. तो चालेल की नाही हे सांगायचा हक्क त्याच्या पदवीतून येत नाही, कारण ती वेगळीच गोष्ट आहे, त्यात तुमचं घर येतं, पोरांची शाळा येते, भाडं येतं, म्हातारीला तिसऱ्या मजल्यावर चढता येतं की नाही तेही येतं.

मग तिसरा म्हणतो ठीक आहे, ज्याचं त्याला ठरवू द्या. ज्याला काठावर राहायचं तो राहील, मरेल, त्याची मर्जी. ऐकायला हे फार मोकळं वाटतं. आणि काही ठिकाणी मला ते मान्यही आहे. आमच्या बागलाणात द्राक्षाची अर्ली छाटणी करणारे बागायतदार बघा. सगळा जिल्हा सप्टेंबर-ऑक्टोबरला छाटतो तेव्हा हे लोक भर पावसाळ्यात छाटतात, डोक्यावर पाऊस, डाऊनी रोगाची भीती, फुलोऱ्यात पाणी पडलं की घड गेला, फवारणीचा खर्च दुप्पट. का करतात? माल आधी निघतो, भाव वेगळाच मिळतो. जुगार म्हणा हवं तर, पण तो जुगार खेळणारा आणि पैसे लावणारा एकच माणूस आहे. पाऊस पडला तर बाग त्याची जाते, नाही पडला तर नफा त्याचा, आणि तो गेली वीस वर्षं आभाळ वाचत आलाय. त्याला नाशकातल्या ऑफिसात बसून "एवढा धोका घेऊ नका" सांगणं मला पटत नाही. पण मावशीच्या वाड्याला हाच न्याय लावता येतो का? ती तिथे राहते कारण शंभर रुपयाच्या आत भाडं आहे आणि पंचवटीत साधी वन आरके घ्यायची तर तिची पेन्शन पुरत नाही. याला मर्जी म्हणायचं? धोका तिच्या डोक्यावर, आणि वाडा रिकामा झाला तर फायदा जागेच्या मालकाचा. दरवर्षी मे महिन्यात तिला नोटीस येते की इमारत धोकादायक आहे, रिकामी करावी. ही नोटीस माणूस वाचवण्यासाठी आहे की भाडेकरू काढण्यासाठी हे तिला खरंच कळत नाही, आणि मी चार वेळा वाचून मलाही कळलेलं नाही. धोका आहे असं सांगणाऱ्याचा तुमच्या जाण्यात फायदा असेल तर तुम्ही त्याच्यावर विश्वास का ठेवाल? आणि मग एखाद्या वर्षी नोटीस खरी असेल तेव्हाही ठेवणार नाही, यात मावशी अडाणी नाही, तिचा अनुभव तिला हेच शिकवतो.

नेदरलँड्सचं उदाहरण मी नेहमी देतो, लोक म्हणतात तो श्रीमंत देश, आपलं काय. पण आधी बघा त्यांनी काय केलं. फेब्रुवारी 1953 मधे समुद्र बंधारे फोडून आत आला, 1836 माणसं गेली. आपल्यासारखंच तिथेही दोन दिवस सगळे म्हणाले असतील की परत असं होता कामा नये. पण नंतर त्यांनी बसून आकडा ठरवला. हॉलंडच्या दाट वस्तीच्या भागाला 10,000 वर्षांतून एकदा येईल एवढ्या पाण्याला टिकणारा बंधारा, विरळ वस्तीला 4,000, नद्यांच्या काठी बऱ्याच ठिकाणी 1,250. म्हणजे सरळ सरळ कबूल केलं की शून्य नाही, आणि सगळ्यांना सारखंही नाही, बंधाऱ्याचा खर्च आणि मागची वस्ती बघून ठरवलंय. हे आकडे नंतर कायद्यात गेले. पुढे लोकांनी सारखं नसण्यावर प्रश्न विचारले, आणि 2017 पासून नवा नियम आला की बंधाऱ्यामागे राहणारा कोणीही असो, पुरात मरण्याची शक्यता वर्षाला 1 लाखात 1 पेक्षा जास्त असता कामा नये. आकडा उघडा होता म्हणूनच त्यावर भांडता आलं ना? काँक्रीटला पैसा लागतो हे मान्य, तेवढा आपल्याकडे नाही हेही मान्य. आकडा बोलून दाखवायला किती लागतो?

आणि आपल्याकडे आकडा बोलायची पद्धत नाही असं मुळीच नाही, उलट जगात कुठे नसेल एवढी सुंदर आहे. नाशकात क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, हे कोणाला कळत नाही पण रामकुंडाजवळ पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती सगळ्यांना कळतो. पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, खांद्याला आलं, डोकं बुडालं. प्रत्येक पातळीला काय करायचं हे जुन्या भांडी बाजारातल्या दुकानदाराला पाठ आहे, कमरेला आलं की खालचा माल वर, छातीला आलं की शटर बंद करून निघायचं. आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे मग महापूर, तेव्हा कोणी कोणाला विचारत नाही. माझ्या दृष्टीनं हीच किती धोका चालेल याची खरी भाषा आहे, कारण त्यात मोजमाप आहे, ते सगळ्यांना दिसतं, आणि कुठल्या पातळीला कोणी काय सोडायचं ते आधी ठरलेलं आहे. 2008, 2016 आणि 2019, अकरा वर्षांत तीनदा दुतोंड्या बुडाला. काठावरच्या लोकांनी त्याप्रमाणे आपले हिशोब बदलले, तळमजले सोडले, दुकानातले रॅक उंच केले. कागदावरच्या रेषेनं त्यांच्याशी यातलं काही बोलणं केलं नाही.

हे मी आत्ताच का लिहितोय, तर सिंहस्थ तोंडावर आहे. 2027 ला नाशकातलं पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्टला आहे, मग 31 ऑगस्ट, मग 11 सप्टेंबर. जरा तारखा बघा. 2016 चा पूर 2 ऑगस्टला आला होता आणि 2019 चा 4 ऑगस्टला. आपला कुंभ भर पावसाळ्यातच येतो, त्याला कोणाचा इलाज नाही, पण वर गंगापूर धरण मातीचं आहे, भरत आलं की सोडावंच लागतं, आणि सोडलेलं पाणी काही तासांत रामकुंडावर येतं. त्या दिवशी काठावर किती लाख माणसं असतील ते सांगायला नको. आता यावर चर्चा काय चाललीय? एक म्हणतो आपत्ती व्यवस्थापन सज्ज आहे, काहीही होणार नाही. दुसरा म्हणतो परत 2003 होणार बघा. 2003 नंतर आपण काय केलं ते 2015 ला दिसलं, बॅरिकेड एवढे लावले की म्हाताऱ्या माणसांना कित्येक किलोमीटर चालायला लागलं, गावातली दुकानं ओस पडली, ओरड झाली, मग पुढच्या पर्वणीला बंदोबस्त सैल केला. चेंगराचेंगरी झाली नाही ही फार मोठी गोष्ट, ज्यांनी राबून ती साधली त्यांना मी मनापासून मानतो. पण बंदोबस्त घट्ट होता तेव्हा किती घट्ट आणि सैल केला तेव्हा किती सैल, कुठल्या हिशोबावर, हे कोणी आम्हाला सांगितलं नाही. ओरड झाली म्हणून सैल. उद्या एखादी घटना झाली की परत घट्ट. हे धोरण नव्हे, हे दचकणं आहे.

मला तीन-चार साध्या गोष्टींची उत्तरं हवीयत आणि ती आत्ता हवीयत, जुलै 2027 मधे नको. जुलैच्या शेवटी गंगापूर धरणात किती जागा मोकळी ठेवणार? मोकळी ठेवली आणि पुढे पाऊस ओढला तर शहराच्या पिण्याच्या पाण्याला आणि खालच्या शेताला फटका बसणार, हाही धोकाच आहे, तो कोण उचलणार, आणि खालच्या शेतकऱ्याला हे कोणी विचारलंय का? किती क्युसेक विसर्ग झाला की रामकुंड रिकामं करणार, मग मुहूर्त असो की नसो, आणि तो निर्णय घेणारी एक व्यक्ती कोण, तिचं पद काय? आखाड्यांशी यावर आधी बोलणं होणार का, की ऐन सकाळी घाटावर? एका वेळी घाटावर जास्तीत जास्त किती माणसं, आणि तो आकडा ओलांडला तर मागच्या माणसाला कुठे थांबवणार? यात कुठलंही उत्तर दिलं तरी कोणीतरी नाराज होणार हे मला कळतं. आकडा सांगणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या काही झालं तर लोक त्याच आकड्यावरून फाडून खातील हेही कळतं, आणि इथे दोष आपला आहे, कारण "काहीही होणार नाही" म्हणणाऱ्याला आपण टाळ्या देतो आणि "एवढी शक्यता आहे" म्हणणाऱ्याला नालायक ठरवतो. मग कोण खरं बोलेल?

मावशीला मी परवा हे सगळं सांगत होतो, टक्के, रेषा, क्युसेक. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला एवढंच सांग, खालून किती पायऱ्या पाणी येईल आणि कळल्यावर माझ्या हातात किती तास असतील. आणि ती भिंत यंदा धरेल का नाही ते कोणीतरी येऊन बघून सांगा. बाकी कुठे राहायचं ते माझं मी बघते." यंदाची नोटीस मी तिच्यासमोर परत वाचली. त्यात पायऱ्या नाहीत, तास नाहीत, भिंतीचा उल्लेख नाही. शेवटी ठळक अक्षरात लिहिलंय की दुर्घटना घडल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.